गाडीचा उंबरा

घराला असतो तसा गाडीलाही उंबरा असतो, पण आपलं त्याच्याकडे लक्ष नसतं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, दारांच्या खाली, पत्र्याची लांबलचक बंद पेटी असते, तोच हा उंबरा. आत बसताना आपण त्याच्यावरून पाय टाकतो. पावसाळ्यात पँटवर मागून चिखलाचा जो आडवा पट्टा उमटतो, तो ह्याचाच आशीर्वाद. गॅरेजवाले ह्याला 'रनिंग बोर्ड' म्हणतात. ज्यांच्या घरी जुनी मारुती ८०० होती त्यांना हा शब्द चांगलाच आठवत असेल. डेंटर खाली वाकून बोटाने टिचक्या मारायचा, "रनिंग बोर्ड सडलंय साहेब" म्हणायचा आणि आमच्या बाबांचा चेहरा पडायचा.

गेले दोन महिने मी ह्या उंबऱ्याच्या मागे लागलोय. गाडी आहे पाच दारांची जिम्नी, जी मारुतीने २०२३ च्या जूनमध्ये बाजारात आणली. ऑफिसात कुणाला सांगितलं की मी गाडीच्या उंबऱ्याला संरक्षण शोधतोय, तर पहिला प्रश्न येतो, "म्हणजे ते चकचकीत पायरीसारखं असतं ते का?" नाही हो. तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

बाजारात दोन वस्तू आहेत आणि दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. एक साइड स्टेप. स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पट्टा, त्यावर रबराच्या पट्ट्या, खाली पत्र्याचे वाकवलेले ब्रॅकेट आणि ते ब्रॅकेट बॉडीच्या खालच्या पत्र्याला बारीकशा बोल्टांनी अडकवलेले. तिचं काम एकच, माणसाचं पाऊल पेलणं. दुसरी वस्तू म्हणजे रॉक स्लायडर. हाही दोन पाइपांचाच असतो, पण तो बॉडीला न धरता चासीला धरतो, आणि त्याचं काम आहे गाडीचं वजन पेलणं. गाडी दगडावर बसली तर त्या पाइपावर टेकून पुढे घसरत जावी, म्हणून स्लायडर. पायरी आपल्याला गाडीत चढवते, स्लायडर गाडीला दगडावरून उतरवतो. दुकानात मात्र दोन्ही एकाच भिंतीवर टांगलेल्या असतात आणि दुकानदार दोन्हींना "प्रोटेक्शन है सर" म्हणतो.

ह्या "प्रोटेक्शन"चं काय होतं ते माझ्या एका मित्राच्या गाडीवर बघायला मिळालं. त्याची मोठी एसयूव्ही, डीलरकडून बाहेर पडतानाच साइड स्टेप लावलेली. गेल्या ऑगस्टमध्ये वेल्ह्याकडे एका शेतावर जाताना पावसाने धुऊन काढलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडीची डावी बाजू चाकोरीत घसरली आणि स्टेप कडेच्या दगडावर बसली. वेग म्हणाल तर चालत्या माणसाएवढा. स्टेप वर वळली, ब्रॅकेट उंबऱ्याच्या पत्र्यात शिरला आणि पत्रा दाराच्या खालच्या कडेला दाबून बसला. डावीकडची दोन्ही दारं उघडेनात. मागे डाव्या बाजूला कार सीटमध्ये त्याची दीड वर्षाची मुलगी! तिला उजवीकडच्या दारातून काढली आणि ती मजेत होती. पण त्याच्या बायकोने नंतर जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर आम्हा दोन इंजिनिअरांकडे नव्हतं. ती म्हणाली, "पाणी चढत असतं आणि उजवी बाजूही अडकली असती तर?"

गंमत बघा, स्टेप नसती तर त्या दगडाने उंबऱ्याला एक लांब पोचा पाडला असता आणि विषय संपला असता. सपाट दगडाचा दाब लांबवर पसरतो. ब्रॅकेटने तोच दाब चार इंचांत गोळा करून पत्र्यात घुसवला. डेंटरने उंबऱ्याचा तुकडा कापून नवा जोडला. बिलाचा आकडा सांगत नाही, मित्र हे वाचतो.

आता मला हे का हवंय? प्रश्न रास्त आहे. पुण्यातल्या निम्म्याअधिक थार आणि जिम्नी बाणेरच्या पुलाखालीच आयुष्य काढतात, आणि त्यांना स्लायडरची गरज तेवढीच आहे जेवढी मला हेल्मेट घालून जेवायची. शहरात आणि डांबरी घाटात फिरणार असाल तर काहीही लावू नका. घरात कुणाला चढायला त्रास होत असेल तर साधी साइड स्टेप लावा, आणि ती पायरीच आहे हे लक्षात ठेवा, बस.

माझं प्रकरण वेगळं आहे ते आमच्या गावच्या घरामुळे. भोर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. शेवटचे तीन किलोमीटर रस्ता म्हणजे दर जूनमध्ये वाहून जाणारी आणि दर दिवाळीत पुन्हा मुरूम पडणारी वाट. कोकणात जांभा असतो, तो निदान घासला तर झिजतो तरी. आमच्याकडे काळा बेसाल्ट, सह्याद्रीचा अस्सल. तो झिजत नाही, तुमची गाडी झिजते. बाबा रिटायर झाल्यापासून आई-बाबांचं तिकडे महिन्यातून एकदा जाणं ठरलेलं आहे, आणि आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी दोन वर्षांपूर्वी बदललेली आहे. हे गुडघ्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी उंबराच का आपटतो ते बघू. ब्रोशरमध्ये ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर लिहिलेला असतो आणि आपण खूश होतो. जिम्नीसारख्या सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत जमिनीच्या सर्वांत जवळ असतो तो अ‍ॅक्सलवरचा डिफ्रन्शियलचा गोळा. उंबरा त्याच्यापेक्षा बराच वर असतो. मग तो आपटतो कसा? कारणं दोन.

पहिलं सगळ्यांना माहीत असतं. गाडी उंचवट्यावर चढली की पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडेच असतात आणि पोट मध्ये टेकतं. दोन चाकांतलं अंतर जेवढं जास्त तेवढं पोट टेकायची शक्यता जास्त. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीत हे अंतर २२५० मिलिमीटर आहे आणि ती २८ अंशांपर्यंतचा उंचवटा पोट न टेकता ओलांडते. आपल्या पाच दारांच्या जिम्नीत अंतर २५९० आणि कोन २४ अंश. मागच्या सीटवर आई-बाबांना ऐसपैस बसता यावं म्हणून दिलेली किंमत आहे ही ४ अंशांची. मला मान्य आहे.

दुसरं कारण जास्त खोडसाळ आहे आणि माझ्या मते खरा गुन्हेगार तेच. वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतून जातं. एसटीचा ड्रायव्हर वळणावर आधी बाहेर का जातो, तर ह्याच कारणासाठी. मी एक्सेलमध्ये हिशेब मांडून बघितला (रविवार होता आणि मॅच पावसाने थांबली होती). बाहेरचं पुढचं चाक ५.७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतंय असं धरलं, तर पाच दारांच्या जिम्नीचं आतलं मागचं चाक आतल्या पुढच्या चाकापेक्षा सुमारे ८० सेंटिमीटर आतून जातं. तीन दारांची गाडी त्याच त्रिज्येत वळवली तर साधारण ६०. म्हणजे तुम्ही खिडकीतून डोकं काढून, पुढचं चाक दगडाच्या बाहेरून अगदी अलगद काढता, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटता... आणि मग तोच दगड खर्रर्र करत उंबऱ्याखाली येतो. पुढून चुकवलेला दगड मधोमध भेटतो. आमच्या वाटेवर असली तीन वळणं आहेत, त्यातलं एक नेमकं ओढ्याच्या वर.

तर स्लायडर हवा हे ठरलं. पुढचा प्रश्न म्हणजे कोणता? आयात केलेले मिळतात, सुंदर असतात, किंमत बघून मी टॅब बंद केला. दुसरा मार्ग म्हणजे आपल्याकडचा फॅब्रिकेटर. भोसरी-चाकण पट्ट्यात लोखंड वाकवणारे आणि जोडणारे इतके कसबी लोक आहेत की जगातला कुठलाही पाइप ते दुपारच्या चहाआधी बनवून देतील. फक्त काय बनवायचं ते आपल्याला माहीत पाहिजे. मला जे काका मिळाले ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेतातली अवजारं करतात. त्यांनी माझं ड्रॉइंग बघितलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "शोला लावायचंय की कामाला?" इतका नेमका रिक्वायरमेंटचा प्रश्न आमच्या बिझनेस अ‍ॅनालिस्टने आजवर विचारलेला नाही.

कामाला, म्हणालो. मग आमची चर्चा सुरू झाली.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन सहा वर्षं जावा लिहिणाऱ्या माणसाला सेकंड इयरच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा उपयोग होण्याचा हा पहिलाच प्रसंग. गाडी माणसांसकट १५०० किलो धरू. एका बाजूला अर्धं वजन आलं तर ७५०. पण गाडी दगडावर हळूच ठेवली जात नाही, आदळते. अचानक टाकलेला भार शांतपणे ठेवलेल्या भाराच्या दुप्पट ताण देतो, हे पुस्तकात आहे. म्हणजे झाले पुन्हा १५००. स्लायडरला चासीतून बाहेर येणारे तीन पाय असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ५०० किलो, तेही चासीपासून सुमारे ३० सेंटिमीटर लांब. हा झाला सरळ कॅंटिलिव्हर, म्हणजे आपली गॅलरी.

बहुतेक ठिकाणी हे पाय त्याच गोल पाइपाचे करतात, कारण तो हाताशी असतो. ४० एनबी, सी क्लास, म्हणजे बाहेरून ४८.३ मिलिमीटर आणि जाडी ४. गणित केलं तर ताण येतो जवळपास २६० मेगापास्कल. साधं माइल्ड स्टील २५० च्या आसपास नांगी टाकतं. म्हणजे गोल पाय वाकणार. त्याच जागी ८० बाय ४० ची, ४ मिलिमीटर जाडीची चौकोनी पेटी उभी लावली तर ताण येतो ८३ च्या आसपास! लोखंड लागतं साधारण दीडपट, ताकद मिळते तिप्पट. तीच पेटी आडवी लावली तर फायद्यातला बराचसा भाग गेला. घराचं आढं उभं का ठेवतात, आडवं का नाही, हे कुठल्याही सुताराला विचारा.

अर्थात दगड काही तीन पायांना भार समान वाटून देत नाही, तो एकाच्याच खाली येतो. तसं झालं तर ८३ चे होतात २५० आणि उभी पेटीसुद्धा जेमतेम तग धरते. काकांना हे सगळं वहीत दाखवलं. त्यांनी आकड्यांकडे बघितलंही नाही. "पेटीच लावतो आम्ही. ट्रॉलीच्या जूला पाइप लावला तर उसाच्या पहिल्या खेपेला वाकतो." झालं. माझ्या दोन रविवारांचं उत्तर एका वाक्यात. (पण मला बरं वाटलं. उत्तर जुळलं की बरं वाटतं, ही जुनी सवय.)

जोडायचं कसं, ह्यावर मात्र आमचं वाजलं. काका म्हणाले, चासीला थेट वेल्ड मारू, "कधी सुटायचं नाही". तेच तर नको होतं. वेल्डिंगच्या उष्णतेने लगतचं पोलाद बदलतं, चासीच्या आतलं गंजरोधक आवरण जळतं आणि गंज आतून सुरू होतो, जिथे आपल्याला तो दिसतही नाही. शिवाय एखादा पाय वाकला तर बदलायचा कसा? नवं भोक पाडणंही मी नको म्हणालो. शेवटी ठरलं ते असं की चासीला जी भोकं कंपनीने आधीच ठेवलेली आहेत तीच वापरायची, ६ मिलिमीटरच्या दोन प्लेटांमध्ये चासी चिमट्यात धरायची आणि ८.८ ग्रेडचे बोल्ट लावायचे. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर पान्याने पुन्हा आवळायचे. काकांना ते फारसं पटलं नाही, पण "गाडी तुमची" म्हणाले.

पाइप काळाच घ्यायचा, जीआय नाही. जीआयवरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो आणि तो धूर छातीला वाईट. तो धूर काकांच्या पोरानेच घेतला असता, माझ्या नाही. स्टेनलेस मी बाद केलं, ते लग्नाच्या वरातीला ठीक. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं पण मऊ, दगड त्यात रुततो आणि घसरण्याऐवजी अडकतो. रंगाबद्दल माझं मत जरा जुनाट आहे. पावडर कोटिंग दिसतं झकास, पण स्लायडर हा मुळात खरवडून घेण्यासाठीच जन्माला आलाय. कोटिंगला एकदा टवका गेला की गंज त्याच्या खालून पसरत जातो. रेडऑक्साइड आणि वर साधा काळा रंग, म्हणजे दर पावसाळ्यानंतर ब्रश घेऊन बसलं की काम संपलं. पाइपांची तोंडं बंद करायची आणि खालून एकेक बारीक भोक ठेवायचं, आत शिरलेलं पाणी निघून जायला.

अजून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ही चूक मी चार गाड्यांवर बघितली. जिम्नीची बॉडी चासीवर रबरी माउंटवर बसलेली असते. खड्ड्यात चासी पिळवटते, बॉडी थोडी वेगळी हलते. त्यामुळे स्लायडर आणि उंबरा ह्यांत दोन बोटं फट हवीच. दिसायला नीटनेटकं म्हणून पाइप उंबऱ्याला चिकटवला, तर पहिल्याच मोठ्या धक्क्याला आपलाच रखवालदार आपल्याला बुकलतो.

वजनाकडे वळू. दोन पाइप, तीन पाय, प्लेटा, सगळं धरून एका बाजूला साधारण २४ किलो, दोन्हींचे ४८. आकडा छोटा वाटतो ना? माझ्या ऑटोमॅटिक जिम्नीचं रिकामं वजन १२१० किलो आणि भरलेल्या गाडीची मर्यादा १५४५. मध्ये उरतात ३३५. त्यातून ४८ गेले, उरले २८७. सत्तर-सत्तर किलोची चार माणसं बसवा, २८०. सामानासाठी शिल्लक सात किलो, म्हणजे दोन कलिंगडं. गावाहून परतताना आमच्या गाडीत तांदूळ, नाचणी, फणस आणि शेजारच्या काकूंनी 'घेऊन जा रे थोडं' म्हणून दिलेलं जे काही असतं त्याचा ह्या हिशेबाशी काही संबंध नाही. टपावरचा कॅरियर लावायचा बेत होता, तो त्याच दिवशी रद्द केला. पुढचा मजबूत बंपर, विंच वगैरे स्वप्नंही. गाडीच्या अंगावर लोखंड चढवत जाणाऱ्यांनी एकदा हा वजाबाकीचा कागद करून बघावा.

कायद्याचंही बघितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. त्याचाच आधार घेऊन केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्यांना पुढच्या बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलं. बुल बार पादचाऱ्याला घातक ठरतो, बाजूचा स्लायडर तसा रस्त्यावरच्या माणसाच्या समोर येत नाही, पण 'माझा बाजूला आहे हो' हा युक्तिवाद हवालदारासमोर किती टिकेल ह्यावर मी पैज लावणार नाही. बोल्टने लावण्याचं हे आणखी एक कारण, दोन तासांत निघतो. विमा कंपनीला मी आधीच लेखी कळवलं, आणि तुम्हीही कळवा. आणि हो, भोसरीच्या शेडमध्ये बनलेल्या स्लायडरसकट जिम्नीची बाजूच्या धडकेची चाचणी कुणीही केलेली नाही. म्हणून चाकांवरच्या प्लास्टिक कमानींच्या बाहेर तो सूतभरही काढायचा नाही, हे ड्रॉइंगमध्ये लाल शाईने लिहिलं.

आता आई.

स्लायडरचा बाहेरचा पाइप सपाट ठेवायचा की वर उचललेला, ह्यावर आमच्या ऑफ-रोडिंगवाल्या मित्रांत शिया-सुन्नी इतके कट्टर पंथ आहेत. उचलणारे म्हणतात, २० अंश उचल, कडेचा दगड लवकर टेकणार नाही. सपाटवाले म्हणतात, पाय ठेवायला जागा राहते. मी उचलणाऱ्यांचा अनुयायी होतो. मग एका शनिवारी पार्किंगमध्ये पुठ्ठ्याचा स्लायडर करून, खाली विटा रचून, गाडीला टेकवून ठेवला आणि आईला बोलावलं.

ती आली, कंबरेवर हात ठेवून बघितलं. "हे काय आहे?"

"स्लायडर. दगड लागला तर गाडी ह्याच्यावर घसरते."

"मला दगडाशी काय करायचंय? मला उतरता येईल का ते सांग."

चढणं तिला जमतं. दाराच्या खांबावरच्या हँडलला धरून, डावा पाय आधी. अडतं ते उतरताना. सीटच्या कडेवर येते, डावा पाय खाली सोडते, तो जमिनीला पोचत नाही, आणि मधल्या त्या क्षणात सगळा भार वाकलेल्या उजव्या गुडघ्यावर. आजवर मी किंवा बाबा खाली उभे राहून हात द्यायचो. ती काही बोलायची नाही, पण गावाला जायचं म्हटलं की हल्ली "तुम्हीच जाऊन या" असं दोनदा म्हणाली होती. गावचं घर तिचं आहे, म्हणजे सातबारावर बाबांचं, पण तिथल्या चुलीपासून परसातल्या अळूपर्यंत सगळं तिचं.

पुठ्ठ्याचा पाइप २० अंश उचललेला होता. तिने टाच ठेवून बघितली, टाच आतल्या बाजूला घसरली. सपाट केला, टाच बसली. मग मी टेप काढली. बाहेर येणारा भाग १० सेंटिमीटर. तो २० अंश उचलला तर टोक वर जातं साडेतीन सेंटिमीटर. १० अंश उचलला तर पावणेदोन. म्हणजे ज्या गोष्टीवर चार-चार तास वाद घालतो आम्ही, ती सगळी मिळून पावणेदोन सेंटिमीटरची! १० अंशांवर आईची टाच बसत होती. तिथेच ठरवून टाकलं.

पण प्रश्न तिथे सुटला नाही. स्लायडरवर टाच टेकली तरी तिथून जमीन ४० सेंटिमीटर खाली. घरातला स्वयंपाकघराचा पाट, त्यावर दुसरा पाट, असं करत तिला सहज जमणारी उतरण मोजली तर ती निघाली जेमतेम २० सेंटिमीटर, जिन्याच्या एका पायरीपेक्षा थोडी जास्त. स्लायडर २० सेंटिमीटर खाली आणायचा तर मग तो स्लायडर कसला, नांगर झाला तो. साइड स्टेपवाल्यांच्या भिंतीवर खाली घडी पडणाऱ्या पायऱ्याही होत्या, पण आमच्या वाटेवरच्या पहिल्या दगडाने ती पायरी स्वतःकडे ठेवून घेतली असती.

बाबा तोपर्यंत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करता सांगितलं, "चौरंग ने बरोबर."

चौरंग! सत्यनारायणाचा नव्हे, बाथरूममध्ये असतो तसला, रुंद पायांचा, २० सेंटिमीटर उंच, दीड किलो वजनाचा. गाडीतून उतरायच्या आधी कुणीतरी तो खाली ठेवायचा. सीट, स्लायडर, चौरंग, जमीन. आईने तीनदा उतरून दाखवलं, तिसऱ्यांदा हँडल न धरता, आणि मग ओरडा खाल्ला.

पाइपांच्या मधल्या जागेत काय बसवायचं ह्यावरही तिचंच मत चाललं. मी जाळी म्हणत होतो, चिखल खाली पडून जातो म्हणून. ती म्हणाली, साडीचा काठ अडकेल. काका चेकर प्लेट म्हणत होते, पण ओल्या चिखलात ती घसरते. शेवटी भोकं पाडलेला जाड पत्रा घेतला, भोकांच्या कडा किंचित वर उचललेल्या आणि कानशीने गुळगुळीत केलेल्या. चिखल खाली, टाच वर, काठ मोकळा.

मागच्या बुधवारी ऑफिसला सुट्टी टाकून शेडवर गेलो. स्लायडर लागले. काकांनी शेतातला लांब दांड्याचा फार्म जॅक आणला (हा प्रकार घरी करू नका, दांडा सुटला तर जबडा फोडतो) आणि डाव्या स्लायडरच्या मधोमध लावला. एकेक खटका वर. डावी दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. काकांनी आधीच स्लायडरच्या दोन्ही टोकांना दोरा बांधून ठेवला होता, मधलं अंतर पट्टीने मोजलं. पाइप तीन मिलिमीटर वाकला होता, आणि गाडी खाली घेतल्यावर पुन्हा सरळ. चाकं हवेत असताना मी उजवीकडून आत शिरून डावीकडची दोन्ही दारं आतून उघडून बघितली. आधी पुढचं, मग मागचं. दोन्ही नेहमीसारखी उघडली, नेहमीसारखी बंद झाली. काका म्हणाले, "दारं कशाला बघताय? ती कुठं लावली आपण?" मी त्यांना मित्राच्या मुलीचं सांगितलं. त्यांनी जॅक खाली घेतला, काही न बोलता जमिनीवर आडवे झाले आणि सहाही पायांचे बोल्ट पुन्हा एकदा आवळले.

रंगाचा दुसरा हात उद्या सकाळी. शनिवारी गावाला निघतोय, पाऊस आहे असं म्हणतात. आईने चौरंगाला खाली रबर लावून घ्यायला सांगितलंय, आणि फणस आणायचा की नाही ह्यावर बाबांशी तिची बोलणी चालू आहेत. सात किलोंचा हिशेब मी दोघांनाही अजून सांगितलेला नाही.